अकरा वाजताची खबर

आप्पा, शरणार्थ.

तुम्हाला बसवूनच नेलं. तुमच्या समाजाची ती रीतच आहे, मला माहीत आहे. तरी कपाळाला विभूती, अंगावर नवी शाल, पाठीला टेका अशा थाटात तुम्ही चौकातून निघालात तेव्हा वाटलं, हा माणूस जन्मभर दुकानाच्या ओट्यावर असाच बसला, आज फक्त ओटा हलवलाय. मी बंदोबस्ताला होतो. म्हणजे कुणी लावला नव्हता. ठाण्याच्या डायरीत मीच ‘अंत्ययात्रा बंदोबस्त’ अशी नोंद केली आणि गणवेश चढवून आलो. साध्या कपड्यात आलो असतो तर चार जणांनी विचारलं असतं, ‘काय जमादार, तुमचं तर बोलणं बंद होतं ना?’ गणवेशातल्या माणसाला असलं कुणी विचारत नाही.

बोलणं बंद होतं हे खरंच आहे. तुम्ही भांड्यांचे दुकानदार, मी या गावाचा बीट जमादार, आणि सहा वर्षं रोज सकाळी अकरा वाजता मी तुमच्या ओट्यावर बसलेलो. मग एक दिवस बिनसलं आणि चार महिने आपण एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. त्यातच तुम्ही जेवून दुपारी लवंडलात ते उठलाच नाहीत. माझ्यावर रागावलेलेच गेलात का, एवढंच मला कळायला हवं होतं. या गावात जे काही कळायचं ते मला तुमच्याकडूनच कळायचं, आता हे कुणाला विचारू? शिवाय मला एक कबुली द्यायची आहे. मी कबुल्या घेणारा माणूस, द्यायची सवय नाही, म्हणून जरा वेळ लागेल. तुम्हाला तरी कुठं घाई आहे.

आपली ओळख आठवते का? मी बदली होऊन आलो आणि पहिल्याच आठवड्यात लग्नाच्या मांडवातून स्वयंपाकाची मोठी पातेली गेली. मी तालुक्यातल्या सगळ्या भंगारवाल्यांना दम देऊन आलो. हाती काही लागलं नाही. चौथ्या दिवशी तुमचा फोन आला.

‘‘जमादार का? मी भांड्याच्या दुकानातून आप्पा बोलायलो. एक गिऱ्हाईक आलंय, पातेल्यावर नाव घालायला. जुनं नाव घासून काढलंय, पण ते माझ्याच हातचं हाय. तुमी सावकाश या. मी लांब नाव घालायलो.’’

मी पोचलो तर चोर ओट्यावर मांडी घालून तुमचाच चहा पीत होता. तुम्ही छिन्नी-हातोडीने पातेल्यावर ठोकत होतात. त्याचं नाव झालं होतं, बापाचं झालं होतं, आडनाव, मुक्काम, पोस्ट, तालुका सगळं झालं होतं. मला बघून तुम्ही म्हणालात, ‘‘बर्री, बर्री, या. जिल्हा राहिलाय, जरा टेका.’’ मी टेकलो. जिल्हा चोरानेच सांगितला. पंचनाम्यात मी लिहिलं की मुद्देमालावर आरोपीचा संपूर्ण पत्ता कोरलेला मिळून आला. साहेबांनी ते तीनदा वाचलं आणि मला जवळ बोलावून माझ्या तोंडाचा वास घेतला.

तेव्हापासून तुमचं ते शास्त्र मला पाठ झालं. ‘नाव असलेली वस्तू भरकटत न्हाई.’ शेतातल्या पाण्याच्या मोटारी चोरीला जाऊ लागल्या तेव्हा आपण दोघांनी मोहीम काढली. मोटार आणा, आप्पा फुकट नाव घालून देतील. लोकांनी मोटारी आणल्या, गॅसच्या टाक्या आणल्या, सायकली आणल्या. एक शेतकरी आपला देवणी बैल घेऊन आला आणि म्हणाला याच्यावरपण घाला. तुम्ही हातोडी खाली ठेवून बैलाकडं बघितलंत, बैलानं तुमच्याकडं बघितलं. मग शिंगांच्या पितळी शेंब्या काढायला लावून त्यांवर नाव घातलंत, आणि बैल तेवढा वेळ दुकानाच्या दारात असा उभा होता, जणू त्यालाच परात घ्यायचीय. मोटारीच्या चोऱ्या मात्र खरोखर थांबल्या. वरच्या कार्यालयाने त्याबद्दल प्रशस्तिपत्र पाठवलं. त्यावर माझं एकट्याचं नाव होतं. मी ते तुम्हाला दाखवलं तेव्हा तुम्ही चष्मा लावून नीट वाचलंत आणि म्हणालात, ‘‘बरं झालं. नाव घातलंय, आता हे भरकटायचं न्हाई.’’ मला लाज वाटली होती, आप्पा. त्याबद्दलही मी तेव्हा काही बोललो नाही.

रोज अकराला तुम्ही खबर द्यायचात. खबर म्हणजे काय, तर गावचं सगळं. स्टँडजवळच्या खोलीत कोण नवीन उतरलाय, कोणत्या दोन भावांनी बांधावरून बोलणं टाकलंय, कोणाचा जावई तीन आठवडे झाले तरी सासरहून परत जाईना. मी म्हणायचो, ‘‘आप्पा, जावई हा काय गुन्हा आहे?’’ तुम्ही म्हणायचात, ‘‘आज न्हाई. अजून पंधरा दिवस थांबा.’’ आणि पंधरा दिवसांनी सासऱ्याने जावयाच्या पाठीत लाटणं घातलंच. माझ्या बीट डायरीतला निम्मा मजकूर तुमचा असायचा.

आणि ती गणपतीच्या आधीची शांतता समितीची बैठक! दोन मंडळांचं ठरेना, मिरवणुकीत पुढं कोण. साहेब ओरडून दमले. मी कायद्याची कलमं वाचून दमलो. तुम्ही कोपऱ्यात पोहे खात होतात. प्लेट पुसून खाल्लीत आणि म्हणालात, ‘‘महाप्रसादाला मोठी डेग गावात एकच हाय, माझी. दोघं मिळून एकत्र शिजवणार असाल तर देतो. न्हाईतर दोघांनाबी न्हाई, घरातल्या कुकरात करा प्रसाद.’’ पाच मिनिटांत समेट झाला. साहेबांनी अहवालात लिहिलं, ‘पोलिसांच्या यशस्वी मध्यस्थीने’.

मग आला कॅमेरा.

नवीन साहेब आले, त्यांनी ठरवलं की चौकात कॅमेरे बसवायचे. खांब उभा राहिला तो नेमका तुमच्या ओट्यासमोर. तुम्ही पहिल्या दिवसापासून विरोधात. मला वाटलं दुकानासमोर खांब आला म्हणून असेल. पण तुमचं म्हणणं वेगळंच होतं. ‘‘जमादार, माणूस माझ्याकडं भांडं बघायच्या निमित्तानं येतो आन हळूच सांगतो. ह्या डोळ्यासमोर कोण सांगंल? तुमाला चित्र दिसंल, पण खबर मिळणार न्हाई.’’ मी म्हणालो, ‘‘आप्पा, जग कुठं चाललंय.’’ तुम्ही म्हणालात, ‘‘जग कुठंबी जाऊ द्या, ते माझ्या ओट्यावरूनच जातं.’’ हा वाद आपला महिनाभर चालला. रोज तेच दोघं, तेच मुद्दे आणि तोच चहा.

आता कबुली. उद्घाटनाच्या दिवशी चौकात गर्दी जमली होती. साहेबांनी मला चार शब्द बोलायला सांगितलं. लोकांना वचक बसावा म्हणून मी माईक घेऊन ठोकून दिलं की या कॅमेऱ्याला नुसतं दिसत नाही, ऐकूही येतं. चौकात जे बोलाल ते मी ठाण्यात बसून ऐकणार. आप्पा, त्यात ऐकू येण्याची सोयच नव्हती. स्वस्तातला माल होता तो.

पण गावाने विश्वास ठेवला. म्हशीचा सौदा करणारे खुणा करू लागले. नळावरच्या बायका कॅमेऱ्याच्या पट्ट्यात आल्या की जावांबद्दल चांगलं बोलू लागल्या. संध्याकाळी झुलत येणारी मंडळी खांबापाशी आली की सरळ उभी राहून सलाम ठोकायची आणि पुढं जाऊन परत झुलायची. एक म्हातारे तर वीजबिल जास्त आल्याची अख्खी तक्रार खांबाला तोंडी देऊन गेले आणि वर पोच मागत बसले. शिपाई येऊन हे सांगायचे आणि मी ठाण्यात पोट धरून हसायचो.

उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी अकराला आलो तर ओट्यावर पाच-सहा जण होते. त्यांच्यासमोर तुम्ही मला विचारलंत, ‘‘खरं सांगा जमादार. ऐकू येतं?’’

तुम्हाला तरी खरं सांगायला हवं होतं. डोळा मारला असता तरी तुम्हाला कळलं असतं. पण लोक बघत होते आणि माझा रुबाब अजून उतरला नव्हता. मी म्हणालो, ‘‘हाव आप्पा. तुमी कूस बदलली तरी कळतं.’’

तुमचं तोंड उतरलं. हातोडी उचलत तुम्ही म्हणालात, ‘‘मग माझ्याकडं यायचं कामच न्हाई तुमचं. तितंच बसा, ऐका.’’ आणि परातीवर ठोकायला लागलात. मीही ताठ्यात उठलो. वाटलं, दोन दिवसांत फोन येईल. आला नाही. आठवड्याने वाटलं आपण जावं, पण आता काय म्हणून जायचं ते सुचेना. मग मी चौक टाळून स्टँडच्या मागून जायला लागलो. बायको म्हणाली, ‘‘जाऊन या की एकदा, काय जातंय?’’ मी म्हणालो, ‘‘ते मोठे आहेत का मी?’’ ती म्हणाली, ‘‘मला तर दोघंबी बारके दिसायलात.’’

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी तुमच्या मंडळींना, आक्कांना, भेटायला घरी आलो. गणवेश नव्हता, दारात चप्पल काढून आत बसलो. आक्का भिंतीला टेकून होत्या. मी म्हणालो, ‘‘चार महिने बोललो नाही आप्पांशी, माफ करा.’’ तर त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. म्हणाल्या, ‘‘असं कामून म्हणायलात? रोज बोलत व्हते की तुमच्यासंगं. अकरा वाजले की, जमादाराला सांगून येतो, म्हणून उठायचे.’’ मला वाटलं दुःखानं बाईला काही सुधरत नाही. मान हलवून बाहेर आलो तर माझी चप्पल गायब.

बीट जमादाराची चप्पल, दुखवट्याच्या घरातून, दिवसाढवळ्या! मी अनवाणी ठाण्यात आलो. तुमचं घर दुकानाच्या वरच, जिन्याचा दरवाजा कॅमेऱ्यात दिसतो, म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा त्या पडद्यासमोर बसलो. हो, पहिल्यांदा. चार महिन्यांत मी एकदाही बसलो नव्हतो. चप्पल तुमच्या उदगीरच्या व्याह्यांनी नेली होती. स्वतःचीच समजून, एकदाही खाली न बघता. ती यायची तेव्हा येईल. पण मागे-पुढे करताना बोट जास्त मागे गेलं आणि तुम्ही दिसलात.

घड्याळात अकरा वाजलेले. तुम्ही ओट्यावरून उतरलात, धोतराचा सोगा सावरत खांबापाशी आलात, मान वर केलीत, आणि थेट माझ्याकडं बघून बोलायला लागलात. हातवारे, बोट नाचवणं, कपाळावर हात मारणं. चांगली दहा मिनिटं. मग जाऊन परत ओट्यावर बसलात. मी आदला दिवस लावला. अकरा वाजता तुम्ही. त्याच्या आदला लावला. तुम्ही. त्यात फक्त पंधरा दिवसांचं साठतं, मागचं आपोआप पुसलं जातं. तुम्ही जाण्याआधीचे बारा दिवस शिल्लक होते. बाकी चार महिन्यांचं गेलं, आप्पा.

आवाज नाही. नुसते ओठ हलताना दिसतात. मी सरळ उठलो आणि हबीबभाई शिंप्याला घेऊन आलो. लहानपणी तापात त्याचे कान गेलेले, पण समोरच्याच्या ओठांवरून सगळं वाचतो, आणि तुमच्या शेजारी बसून त्यानं चाळीस वर्षं तुमचेच ओठ वाचलेत. अडचण एकच. हबीबभाईला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळं तो जे बोलतो ते बाजारात शेवटच्या दुकानापर्यंत जातं. म्हणून तर बायका मापं द्यायला दुसरीकडं जातात. त्याला पडद्यासमोर बसवलं, चष्मा पुसून दिला, आणि त्यानं ठाण्याची कौलं उडतील अशा आवाजात सुरुवात केली.

‘‘अरे जमादारा! वर बसून काय बघायलास? खाली ये! काल दिसलास स्टँडच्या मागून जाताना. माझं तोंड चुकवायला एवढा वळसा घालतोस, तरी पोट कमी होईना तुझं!’’

सहा वर्षांत तुम्ही मला कधी अरे म्हणाला नव्हतात. टेबलावरचा शिपाई वहीत तोंड खुपसून हसायला लागला. हबीबभाई पुढं वाचतच होता. ‘‘टाकीच्या तोट्या कुणी नेल्या मला ठावं हाय! सांगणार न्हाई! ये, मग सांगतो!’’ कोठडीतला आरोपीसुद्धा गजांना लागून ऐकायला लागला. ‘‘तुझ्या साहेबाला सांग, चौकात गाडी आडवी लावतोय, आधी स्वतःला पावती फाड म्हणावं!’’ एवढ्यात साहेब केबिनमधून बाहेर आले. मी हबीबभाईला थांब म्हणून ओरडलो, पण त्याला ऐकू येत नाही आणि त्याची नजर पडद्यावर. तो साहेबांच्या अंगावर अजून दोन वाक्यं बोलून गेला. साहेब हसले, खुर्ची ओढून बसले. म्हणाले, चालू द्या.

मग आठवा दिवस लागला. हबीबभाई ओरडला, ‘‘नीट ऐक रे. दोन माणसं आलीत, दागिने चमकवून देतो म्हणत घरोघर फिरायलीत. पितळ घासायची पावडर माझ्या दुकानात मागत व्हते, त्यांना पितळ कशाला म्हणत्यात ते ठावं न्हाई. गाडीचा नंबर सांगतो, लिहून घे.’’ आणि तुम्ही बोटं दाखवत एकेक आकडा सावकाश सांगितलात. दोनदा.

ठाण्यात कुणी हसलं नाही. कारण दुसऱ्याच दिवशी मागच्या गल्लीतल्या गोदाबाईंच्या पाटल्या तशाच दोघांनी नेल्या होत्या. फिर्याद मीच लिहिली होती. नंबर कुणालाच माहीत नाही, असंही मीच लिहिलं होतं.

हबीबभाईनं पुढचा दिवस वाचला. ‘‘जमादारा, सांगितलं व्हतं न्हवं तुला? नंबरासकट सांगितलं व्हतं. म्हातारी माझ्या ओट्यावर बसून रडून गेली. ऐकून गप बसलास? माझ्यावर राग हाय तर माझ्यावर काढ की. तिनं तुझं काय घोडं मारलंय?’’

आप्पा, मला तिथं बसवेना. पण उठून जाताही येईना.

त्या नंबरावरून तिसऱ्या दिवशी दोघंही कर्नाटकच्या हद्दीजवळ सापडले. एक पाटली मिळाली, दुसरी त्यांनी वितळवली. मिळाली ती गोदाबाईंना दाखवली तेव्हा त्यांनी तुमच्या बंद दुकानाकडं बघून हात जोडले. डायरीत खबर देणाऱ्याचं काय लिहावं यावर ठाण्यात बराच खल झाला. शेवटी साहेब म्हणाले, तुम्हाला वाटेल ते लिहा. मी तुमचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. माझं नाव कुठंही घातलं नाही.

पण हबीबभाईचं वाचन त्या दिवशी तिथं संपलं नव्हतं. शेवटचा दिवस राहिला होता. त्या दिवशी तुम्ही खांबापाशी आलात. हात खांबाला टेकवून उभे राहिलात. एक बाई भांडं घेऊन आली, तिला तुम्ही थांबायची खूण केलीत. हद्दीत काहीच घडलं नाही की आम्ही डायरीत ‘निरंक’ एवढाच शब्द लिहितो. माझ्या खांद्यावरून वाचून वाचून तुम्ही तो उचलला असणार. तुम्ही मान वर केलीत. हबीबभाईचा आवाज एरवीइतकाच मोठा होता.

‘‘आज काय सांगू रे तुला? कोण नवीन आलं न्हाई. कुणाचं काय गेलं न्हाई. भांडण न्हाई, तंटा न्हाई. निरंक हाय. तरी ये की. काम नसलं म्हणून काय झालं?’’

हबीबभाईनं चष्मा काढला. 

आप्पा, मी ऐकून गप्प बसलो नव्हतो हो. त्या कॅमेऱ्याला ऐकू येतच नाही. मी गावाला खोटं सांगितलं आणि तुम्हालाही सांगितलं. मला ऐकू आलं असतं ना, तर पहिल्याच दिवशी, पहिल्याच शिवीला आलो असतो.